चोथा शोभीला, निवळी धुळ्याला

ता. १७ जून १९९४, शुक्रवार

सगळ्यात आधी आली हमीदाबी. मागच्या दारानं, चपला हातात, पदर खांद्यावरून घसरलेला. तिच्या बकऱ्या गावभर फिरतात, म्हणून असोद्यातली खबर तिला सगळ्यांच्या आधी लागते. म्हणाली, "अक्का, धुळेवाले आ गये. स्टँडपर जीप खडी है. बुढीच्या हातात हा एवढा डबा." तिच्या पाठोपाठ माझी सून सिंधू, हाताला पीठ तसंच. आणि मग जीपच.

धुळ्याचे म्हणजे माझी नात, सिंधूची लेक शोभी, हिच्या सासरचे. सारखं पूर्ण लिहून हात दुखतो, यापुढं धु. लिहीन. शोभी म्हणजे शो.

शो. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, माहेरी आली, झोका बांधला तर दोन हेलकावे घेऊन खाली बसली, ती तेव्हापासून खाटेवरच. धु. ना वाटतं आम्ही ठेवून घेतली. मी ठेवूनच घेतली आहे, पण तोंडानं म्हणत नाही.

जावई सुरेश तालमीत जातो. दंड असा की सदऱ्याची बाही उसवते. आल्या आल्या म्हणाला, "ऊठ ना वं, मायना पाया पड." शो. उठली. अर्धी उठली आणि भिंतीला धरून बसली, रंग खडूसारखा. त्यानं वेणी धरून वर ओढली आणि मारली. आमच्या ओट्यावर! आवाज असा झाला की माझी बकरी खुंट्याभोवती गरगर फिरली.

माझा लेक प्रल्हाद, शो.चा बाप, तिथंच उभा. गळ्यात माळ, हातात टोपी. टोपीची घडी घालत होता.

मी गेले आणि सुरेशच्या मनगटाला चावले. मला पुढचे दोनच दात राहिलेत पण दोन्ही लागले. तो वरडला तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

विहीणबाईंनी डबा ओट्यावर आपटला. "हाई बठ्ठं नाटक शे तिनं. हाऊ डबा पाजा. मना सुऱ्या रोज हाईच खास. दंड दखा त्याना." म्हणजे तिचा सुऱ्या रोज हेच खातो, त्याचा दंड बघा. दंड मी पाहिला. शो.च्या गालावर पाच बोटं उठली होती, तोच दंड.

श्रावणात कानबाई बसते, त्याआधी न्यायला येतो म्हणून गेले. कानबाई देवीच्या रोटाचं, नैवेद्याच्या पोळ्यांचं, दळण घरच्या सुनेनं जात्यावर दळायचं असतं. त्यांना सून नको, जात्याला हात पाहिजेत.

चहा कोणी घेतला नाही. साखर वाचली.

ता. १८

शो.ला न्हाऊ घातलं. पाठ पाहिली. जुने वळ काळे पडलेत, एक त्यातल्या त्यात नवा, तो वेताचा. तिथं भगताकडं नेली होती, अंगात आळस शिरलाय म्हणून काढायला. केरसुणीनं, मग वेतानं. आळस निघाला नाही, कातडं निघालं.

पहिलं कारण हे, एकदा लिहून टाकते म्हणजे पुन्हा लिहायला नको. गेल्या दिवाळीत पोटुशी होती. पाण्याचा हंडा उचलायला उशीर केला म्हणून त्यानं लाथ घातली. पोटातलं गेलं. मग ताप आला तो महिनाभर. ताप गेला, हा थकवा राहिला. झोपून उठते तीच दमलेली. केस विंचरले की हात खाली पडतात. बोलता बोलता शब्द सांडतात.

बस. एवढंच.

आता ती माझ्या खोलीत निजते. माझ्या बाजूला, लहानपणी निजायची तशी, पाय माझ्या पोटावर. मी इतकी खूश आहे की मलाच लाज वाटते. नात मार खाऊन आली आणि म्हातारी खूश! पण आहे.

ता. २१

डबा उघडला. वरती पैलवानाचं चित्र, नुसत्या लंगोटावर, दात काढून हसतोय. आत पांढरी भुकटी, वास आईस्क्रीमच्या गाडीसारखा. सिंधूनं पाण्यात कालवून दिली. "घे वं बाई, ताकद येईन. बरी होशीन अन् आपल्या घरी जाशीन."

शो.नं घेतली. थोड्या वेळानं सगळी ओकून ओटीवर. पोटात गुडगुड, वर पोट फुगलं, दिवसभर गुडघे पोटाशी घेऊन पडली. दुसऱ्यांदा दिली, तेच.

मी विचारलं, असं का गं होतं? म्हणाली, "मोठी माय, ताकद आली की तिथं जावं लागेल. म्हणून उलटी होते का काय, मले काय माहीत."

मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

प्रल्हाद म्हणतो, "दे ना माय, जरा कमी करून दे. त्यांनी एवढा आणला." मी म्हटलं, तूच पी, तुझ्या तोंडाला तरी ताकद येईल. दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी. माळकरी माणूस, अंडं घरात येऊ देत नाही, मारामारी बघत नाही. बघत नाही म्हणजे डोळे खाली घालतो, तेवढंच.

ता. २४, शुक्रवार

जळगावला डॉ.कडे नेली, प्रल्हादही बरोबर. एस्टीत एक माणूस सीटवर पिशवी ठेवून बसलेला. पोरगी पडायला आली आहे, ऊठ, म्हटलं. तो खिडकीबाहेर बघतो. छत्री त्याच्या डोक्यात घातली. छत्रीची एक काडी मोडली. त्यानं पिशवी उचलली, स्वतःही उठला. शो. पूर्ण वाट आडवी होऊन आली, डोकं माझ्या मांडीवर, आणि हसत होती. "मोठी माय, तुले पोलीस धरतील." म्हटलं धरू दे, तिथं बसायला तरी मिळेल.

डॉ. तरुण आहेत, बोलायला सावकाश. रक्त काढलं, छाती ऐकली. म्हणाले, रक्तात फार काही दिसत नाही, पण म्हणून हे खोटं नाही. तापानंतर असा थकवा काही लोकांना धरून बसतो, वर्ष वर्ष. ही आळशी नाही. जोर लावून कामाला लावाल तर आणखी आडवी होईल. जेवढं करावंसं वाटेल त्याच्या निम्मं करायचं. आणि ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी जास्त जपायचं.

मी म्हटलं हे कागदावर लिहून द्या आणि खाली सही करा. त्यांनी दिलं! मी ते प्रल्हादच्या खिशात कोंबलं.

गाल अजून पिवळानिळा होता. डॉ.नी विचारलं, हे काय? प्रल्हाद म्हणाला, दारावर आपटली. मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, बाहेरच्या बाकापर्यंत गेलं असेल, "दाराले पाच बोटं असतात का रे?"

मग डबा दाखवला. त्यावरचं इंग्रजी त्यांनी वाचलं. दूध फाडल्यावर जे पाणी उरतं, निवळी, ती वाळवून केलेली भुकटी. म्हणाले, "आजी, वस्तू वाईट नाही. प्रथिनं असतात. पण हिच्या पोटाला झेपत नाही. जे पोटात राहील ते द्या. डाळ द्या, दूध पचत असेल तर द्या, पनीर द्या. त्यानं थकवा पळून जाईल असं मी सांगत नाही. पण अंगावर मांस तर धरेल."

मी येताना सगळ्या वाटेनं त्याचाच विचार करत होते. एवढा मोठा दंड, आणि सगळा निवळीचा!

ता. २६

माझी बकरी, तिचं नाव वकिलीण, कारण दारात कोणीही आलं की आधी ती भांडते. दूध एवढंसं देते पण देते. म्हशीचं दूध शो.ला जड जातं. बकरीचं पोटात राहतं, पण उग्र वास येतो म्हणून नाक धरते. तर मी म्हटलं फाडू. लिंबू पिळायचं, चोथा फडक्यात बांधायचा, निवळी गाळून टाकायची. चोथ्यात मीठ, जिरं, कोथिंबीर. वास जातो.

सिंधूनं कपाळावर हात मारून घेतला. "आत्याबाई, दूध मुद्दाम नासवायचं? कोणी नासवतं का?" आमच्यात नाही नासवत. नासलं तर शेजारणीलाही सांगत नाहीत, गुपचूप ओतून टाकतात. घराचं वाईट होतं म्हणतात. हमीदाबीसुद्धा म्हणाली, "अक्का, बकरीच्या थनाला भेगा पडतील, गुनाह है." वकिलीण तिच्याच कळपातली, तिनंच मला दिलेली, म्हणून तिचा जीव तुटतो.

मी म्हटलं, या घराचं आणखी काय वाईट व्हायचं बाकी आहे, ते सांगा, मग थांबते.

दार लावून घेतलं आणि पिळलं लिंबू. आधी दोनदा हात मागं घेतला, खरं लिहिते. साठ वर्षांची सवय. दूध फाटलं. पण कसं सुंदर फाटलं! वर ढग, खाली हिरवट पाणी.

शो.नं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर चोथा खाल्ला. सगळा. संध्याकाळपर्यंत पोटातच. मी वकिलीणच्या दोन्ही शिंगांना तेल लावलं.

ता. ३ जुलै

मी गाढव आहे.

डबा तसाच पडलेला, जवळजवळ भरलेला. टाकवत नाही. मला वाटलं, शो.ला झेपत नाही, बकरीला झेपेल. बकरी खाईल, तिच्या दुधात ताकद उतरेल, ते दूध शो. खाईल, म्हणजे डबा वाया नाही. किती हुशार, वाटलं. ढेपेत कालवून अख्खा डबा दोन वेळात वकिलीणच्या पुढं ठेवला. तिनं चाटूनपुसून खाल्ला, डब्यात तोंडसुद्धा अडकवलं.

सकाळी पोट ढोलासारखं. जीभ बाहेर. हमीदाबी आली आणि तिनं मला जे जे म्हटलं ते लिहिता येणार नाही, आणि काही तर मला समजलंही नाही, उर्दू होतं. तेल पाजलं, पुढचे पाय उंच ठेवून उभी केली, पोट चोळलं. हमीदाबी पोट चोळते आणि मला कोपरानं ढकलते, "परे हटो, परे हटो, पढी-लिखी!" मी तिसरीपर्यंतच, पण ती रागावली की मला पढी-लिखी म्हणते.

वाचली. पण दूध आटलं. शो.ला दोन दिवस डाळीचं पाणीच.

शो. म्हणाली, "ज्याचा डबा तो असा, तर डबा कसा असेल."

ता. ६

वकिलीणनं पान्हा सोडला. घरात दिवाळी. सकाळी तिनं हमीदाबीच्या नातवाला शिंग मारलं, म्हणजे बरी आहे.

ता. १५ जुलै

शो. आज स्वतः उठून बकरीपाशी गेली. धार काढली! पेलाभर. मधे थांबली, कपाळ वकिलीणच्या पोटाला टेकून श्वास घेतला, पुन्हा काढली. मी दारात उभी राहून बघत राहिले. सिंधूला बोलावलं, तीही पदर तोंडाला लावून उभी. शो. वळून म्हणाली, "काय सिनेमा आहे का?"

गालावर मांस आलंय. थोडंसं. मी बोटानं चिमटा घेऊन बघते, ती हात झटकते.

प्रल्हाद शेतातून आला. पोरगी ओट्यावर बसून हसताना पाहिली. हात धुतले, जेवायला बसला आणि म्हणाला, "बरी दिसते आता. धुळ्याले निरोप धाडतो." डॉ.चा कागद अजून त्याच्या खिशातच, धुवून धुवून लगदा झालेला.

मी पोळपाट फेकून मारला. कपाळाला लागलं. मोठं टेंगूळ. माझा नेम अजून आहे. लहानपणी मी कैऱ्या पाडायची, एका दगडात एक.

प्रल्हाद टेंगूळ धरून म्हणाला, "माय, लोक काय म्हणतील. दिलेली लेक किती दिवस घरात ठेवायची." मी म्हटलं लोक माझ्याकडं पाठव, घरात लाटणंही आहे.

तो म्हणतो त्यात वाईटपणा नाही हे मला माहीत आहे. भित्रा आहे. त्याचे वडील मला मारायचे तेव्हा तो कोठीमागं लपून बसायचा आणि अभंग म्हणायचा. तसाच राहिला.

ता. १६

कालच्या धारेनं शो. आज उठलीच नाही. डोळे उघडले तरी उजेड टोचतो म्हणते. डॉ. म्हणाले होते तेच, बरं वाटेल त्या दिवशी जपा. मीच जपलं नाही, मीच दारात उभी राहून खूश होत बसले.

चोथा चमच्यानं भरवला. चिमणीसारखं तोंड उघडते.

प्रल्हाद दारात येऊन पाहून गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. निरोप धाडला का विचारलं तर टोपीची घडी घालायला लागला.

ता. ३०

चांगले दहा-बारा दिवस गेले म्हणून लिहिलं नाही. चांगल्या दिवसात लिहायला काही नसतं. शो. आता स्वतः दूध फाडते. बसून करते, चुलीपाशी पाट घेऊन. लिंबू पिळते आणि बघत बसते. "मोठी माय, हे फाटतं तेव्हा मले बरं वाटतं." का म्हणून विचारलं. "आधी सगळं एकात एक असतं. मग कळतं कोणतं ठेवायचं, कोणतं ओतायचं."

मी म्हटलं, अति बोलू नको, थकशील.

एकदा विचारलं तिनं, "एवढं खाऊ घालते, ते कशासाठी? तिथं जायला?" मी म्हटलं, उभं राहायला. मग कुठं जायचं ते उभं राहिल्यावर बघ.

ता. ५ ऑगस्ट, शुक्रवार

एका डोळ्यावर पट्टी आली आहे, अक्षर वाकडं येईल.

आजही आधी हमीदाबीच. या वेळी काठी घेऊन आली. "अक्का, आ गये. तीन जण." सुरेश, विहीणबाई आणि सुरेशचे चुलते, नाना. नाना पांढऱ्या धोतरातले, बोलायला गोड.

प्रल्हादनं निरोप धाडला होता की ते आपणहून आले, अजून कळलं नाही. त्याचं तोंड पाहून काही कळत नाही.

शो. चुलीपाशी पाटावर. दूध नुकतंच फाटलेलं, चोथा गाळून फडक्यात बांधून तिनं खुंटीला टांगला होता. खाली पातेल्यात निवळी, अजून उकळती, त्यात पीठ मळायचं म्हणून चुलीवरच ठेवलेली.

नाना म्हणाले, "आम्ही बहूले लेवाले येल शेत. कानबाईना दळण पडेल शे." प्रल्हाद म्हणाला, बसा. पाणी दिलं सिंधूनं.

सुरेश बसला नाही. "डबा कोठे शे?" मी म्हटलं संपला. विहीणबाई एकदम खूश, "दखा! मी सांगेल व्हतं ना!" सुरेश म्हणाला, "कोनी पिधा?" मला राहवलं नाही. मी वकिलीणकडं बोट केलं. "ती काय, दारातच बांधली आहे. पोट दुखलं बिचारीचं."

हमीदाबी फिस्कन हसली. तेवढंच निमित्त झालं.

त्यानं वकिलीणच्या पोटात लाथ घातली. तीच लाथ. ती अशी किंचाळली की माणसासारखी. मी मधे गेले तर त्यानं मला ढकललं, मी जात्यावर पडले, कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त. हमीदाबीनं काठी घातली त्याच्या पाठीत, त्यानं काठी हिसकून मोडली. मग प्रल्हाद उठला. मी साठ वर्षांत त्याला असा उठताना पाहिलं नाही, तो अजून साठचाही नाही, पण असंच वाटलं. "म्हातारीले हात लावला?" एवढंच म्हणाला आणि सुरेशची गचांडी धरली. धरता कुठं येते त्याला! सुरेशनं एक ठोसा दिला. दात पडला. समोरचा. प्रल्हाद खाली, तोंडातून रक्त, टोपी रक्तात.

सुरेश शो.कडं वळला. "चल."

ती उभी राहिली.

अर्धी नाही. पूर्ण. पदरानं पातेलं धरलं, उचललं आणि फेकलं. सगळी निवळी त्याच्या छातीवर आणि त्या दंडावर.

तो वरडत अंगणात पळाला, सदरा फाडत. दंड लाल, मग पांढरा, फोड. विहीणबाई "जाळं, जाळं, मना पोऱ्याले जाळं" म्हणून छाती बडवत होत्या. वकिलीण दोर तोडून त्यांच्या मागं. मी रक्त पुसत हसत होते, देवा शपथ, आवरेना.

शो.च्या हातातून रिकामं पातेलं पडलं आणि ती भिंतीला घसरून खाली बसली. डोळे मिटले. सिंधूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

चोथा खुंटीला तसाच टांगलेला होता. वाया गेला नाही.

नाना मात्र सगळा वेळ खाटेवर बसूनच. पाणी प्याले. उठताना प्रल्हादला म्हणाले, "कानबाई होई जाऊ द्या. पंधरा ऑगस्टले येसूत. सुट्टी शे. चार माणसं लई येसूत अन् बहूले लई जासूत. मंग कोनी काही बोलानं नही." म्हणजे चार माणसं आणून सून उचलून नेणार.

प्रल्हाद रक्त थुंकला आणि म्हणाला, "या."

नुसतं "या". त्याचा अर्थ काय, कोणास ठाऊक. पाहुण्याला आम्ही तसंच म्हणतो, आणि कुस्तीच्या फडातही तसंच म्हणतात.

ता. ६

पोलीस पाटील आले. सुरेश सरकारी दवाखान्यात दंड बांधून बसलाय, धु. तक्रार करू म्हणतात. कोणी टाकलं, विचारलं. मी म्हटलं मी. कपाळाला पट्टी, मी तर तांब्याही उचलू शकत नाही, पाटलांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

तेव्हा सिंधू आतून बाहेर आली. डोक्यावर पदर. जी मला दूध नासवू देत नव्हती, ती. म्हणाली, "दादा, दूध नासलं चुलीवर. नासलेलं दूध घरात ठेवत नाहीत म्हणून मी घाईघाईनं अंगणात ओतायला निघाली. पातेलं पोळलं, हातातून सुटलं. पाहुणे मधे आले. आमच्यात कोणी मुद्दाम दूध नासवतं का, तुम्हीच सांगा."

पाटील म्हणाले, "छे, मुद्दाम कोण नासवील."

त्यांना खरं वाटलं की त्यांना खरं वाटून घ्यायचं होतं! प्रल्हादचं सुजलेलं तोंड त्यांनी पाहिलं होतं. तुमचीही तक्रार लिहू का म्हणाले. प्रल्हाद म्हणाला, पंधराला बघू. पाटील चहा पिऊन गेले.

सिंधू आत येऊन पीठ मळायला बसली. मी तिची दृष्ट काढली. आयुष्यात पहिल्यांदा.

ता. ९

शो. अजून उठत नाही. बोलतही नाही, बोट हलवून पाणी मागते. एक पातेलं उचललं, त्याची किंमत शरीर वसूल करतंय. मी तिला म्हटलं, बाई, निम्मंच करायचं होतं ना, निम्मंच फेकायचं. ओठाचा कोपरा हलला. म्हणजे ऐकू येतंय.

त्या रात्री बसली ती वकिलीण कालपासून उभी राहते. लाथेच्या जागी सूज. दूध कमी, पण आहे. हमीदाबी रोज येऊन तिला शेकते आणि मला शिव्या देते.

ता. १०

कानबाईचे गहू मोजले. आमच्यात रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठीमुठीनं घालतात, आणि तो रोट घरच्याच माणसांनी खायचा. दिलेल्या लेकीनं नाही खायचा, ती दुसऱ्या घरची झालेली असते. तिच्या वाट्याचा रोट सासरच्या कानबाईपाशी.

प्रल्हादच्या नावाच्या मुठी घातल्या. मग शो.च्या नावाच्या घातल्या. मोठ्यानं नाव घेऊन.

सिंधू सूप धरून होती. तिनं सूप पुढं केलं.

प्रल्हाद दारात. दातात फट पडल्यानं आता त्याच्या बोलण्यात वारा येतो. म्हणाला, "माय, ती दिलेली लेक आहे." मी म्हटलं, हो, आणि मी परत घेतली. तो आला, सुपापाशी वाकला, गव्हात हात घातला. मला वाटलं काढतो. हात तसाच ठेवून उभा राहिला. मग हात झटकून बाहेर गेला. काढले नाहीत. घातलेही नाहीत.

ता. ११, नागपंचमी

शो. आज भिंतीला टेकून बसली. चोथा मागितला, "मिरची घाल जरा." मिरची मागते म्हणजे येते आहे माघारी. विचारलं, पंधराला काय करायचं? म्हणाली, "मोठी माय, मी उभी राहीन की नाही ते त्या दिवशी सकाळी कळेल. आज नको विचारू."

प्रल्हादनं शेतातून येताना काठी तोडून आणली. बाभळीची. सोलून दारामागं ठेवली. कशाला विचारलं तर म्हणाला, केळीला टेकू लावायला. केळीला बाभळीच्या काठीचा टेकू कोण लावतं.

धु. सोमवारी, ता. १५ ला, झेंडावंदन झाल्यावर येतो म्हणालेत. जीप भरून. एकट्या वकिलीणच्या दुधाची निवळी आता तांब्याभरसुद्धा निघत नाही. हमीदाबीला सांगून ठेवलं, त्या सकाळी तिच्या सगळ्या बकऱ्यांचं दूध माझ्याकडं घालायचं. गुनाह है, म्हणाली. मग म्हणाली, लिंबं मी आणते.

मोठा हंडा घासून चुलीपाशी ठेवला आहे.